पेटीतला उन्हाळा

लेकीने वहीच्या मागच्या पानावर यादी केली होती. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड (पुढे प्रश्नचिन्ह), एसएमपीएस, कॅबिनेट आणि पान संपता संपता अगदी बारीक अक्षरात ‘पंखे?’. बारावी झाली, आता स्वतःचा संगणक हवा, आणि तो दुकानातून तयार न आणता आपण भाग आणून घरी जोडायचा असा तिचा हट्ट. अभ्यास, चित्रे काढणे, गावच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ कापणे-जोडणे, थोडेसे खेळ आणि माझे हे मराठी टंकन, इतकी सगळी कामे एकाच पेटीकडून करून घ्यायची होती. घरातला जुना संगणक २०१३ सालचा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ त्या यंत्राला मानवेना, म्हणून हा योग आला.

यादी पाहून मी म्हटले, सगळे बरोबर आहे, पण उलटे आहे. पंखे वर घे. आधी उष्णतेचा हिशेब, मग बाकीचा. (आमच्या घरात बोलणे कोकणीत आणि लिहिणे मराठीत, हे गोव्यातल्या वाचकांना सांगायला नको.) तिला वाटले बाबा नेहमीसारखे काहीतरी जुने काढणार. तिचे चुकले नाही. ते जुने तिला सांगितले तसेच इथे लिहितो आहे.

आमच्या हायस्कुलात संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत. देवळानंतर चपला काढण्याची गावातली ती दुसरी सार्वजनिक जागा. आत शाळेतला एकमेव एसी होता, मुख्याध्यापकांच्या खोलीतही नव्हता. टेबलांवर पिवळसर रंगाचे बीबीसी मायक्रो. १९८४ साली केंद्र सरकारने शाळांमध्ये संगणक साक्षरतेची ‘क्लास’ नावाची योजना सुरू केली, तिची सुरुवात देशातल्या सुमारे अडीचशे शाळांत झाली, आणि तिच्यातून ही ब्रिटिश यंत्रे भारतभर गेली. गंमत अशी की बीबीसी मायक्रोत पंखाच नव्हता. दोन मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, झाकणाला हवा खेळायला फटी, बस्स. त्याला ना एसीची गरज होती ना आमच्या अनवाणी पायांची. त्या खोलीत तापणारी वस्तू कोणती असेल तर ती आम्ही तीस मुले.

मग ही रीत आली कुठून? ती आली थोरल्या यंत्रांकडून. फिलाडेल्फियात १९४६ साली जगापुढे आलेल्या एनिॲकमध्ये सुमारे अठरा हजार निर्वात नळ्या होत्या आणि त्याला १५० किलोवॅट वीज लागे. ही सगळी वीज अखेर उष्णताच होते, कारण संगणक पाणी उपसत नाही की गिरणी फिरवत नाही. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या ‘टिफ्रॅक’मध्येही २७०० नळ्या होत्या. अशा यंत्राला थंड खोली म्हणजे चैन नव्हती, ती त्याच्या जगण्याची अट होती. पुढे नळ्या गेल्या, ट्रान्झिस्टर आले, यंत्र टेबलावर मावू लागले, तरी खोलीचे सोवळे मागे राहिलेच. सरकारी कचेऱ्यांत तर ते आणखी बरीच वर्षे टिकले. मी नोकरीला लागलो तेव्हाही ‘कॉम्प्युटर सेक्शन’चे दार ओढून घ्यायचे, कारण आतला गारवा बाहेर जाईल. त्या गारव्यात संगणकापेक्षा साहेबांचेच भले होते, असो.

आता घरी जोडण्याजोगी पेटी जन्मली कशी ते पाहू. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने ५१५० क्रमांकाचा ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारात आणला. फ्लोरिडातल्या बोका रॅटन गावी डॉन एस्ट्रिज यांच्या हाताखालच्या छोट्या चमूला तो साधारण वर्षभरात उभा करायचा होता. सगळे घरी बनवायचे म्हटले असते तर ते जमणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी बाजारात मिळतील ते भाग घेतले. इंटेलचा ८०८८ प्रोसेसर, मायक्रोसॉफ्टची डॉस, एप्सनचा प्रिंटर आणि भारतीय वंशाच्या सिरजंगलाल टंडन यांच्या कंपनीचे फ्लॉपी ड्राइव्ह. आत पाच खाचा मोकळ्या ठेवल्या, की कोणीही आपले कार्ड बनवून त्यात बसवावे. आणि यंत्राचे सगळे विद्युतनकाशे, बायोसच्या छापील मजकुरासकट, पुस्तक करून विकले.

घाईतून घेतलेल्या या निर्णयाने इतिहास फिरला. बायोसवर हक्क आयबीएमचा होता, पण त्याचे काम काय हे सर्वांना ठाऊक झाले होते. मूळ मजकूर न पाहिलेल्या माणसांकडून तेच काम करणारा नवा बायोस लिहून घेऊन कॉम्पॅकने १९८२ च्या अखेरीस आपले यंत्र जाहीर केले. १९८४ साली फिनिक्स कंपनी असा बायोस सुटा विकू लागली, तेव्हा आयबीएमची पेटी आयबीएमची उरली नाही. तैवानमध्ये मदरबोर्ड, कुठे कॅबिनेट, कुठे एसएमपीएस, आणि हे सगळे एकमेकांत बसणारे. माझी लेक वहीच्या मागच्या पानावर यादी करू शकली ती या घाईमुळे.

त्या पहिल्या पेटीत उष्णतेचा प्रश्न जवळजवळ नव्हता. ८०८८ मध्ये एकोणतीस हजार ट्रान्झिस्टर, ताप जेमतेम दोन वॅटच्या आसपास. तो उघडाच बसे, डोक्यावर काही नाही. एसएमपीएस अवघा ६३.५ वॅटचा, त्यात एक पंखा, तोच पेटीतली गरम हवा मागे फेकी. हा एकच पंखा पुढे दहा-बारा वर्षे पुरला. ३८६ पर्यंत प्रोसेसरला टोपी लागली नाही. ४८६ च्या वेगवान प्रकारांवर ॲल्युमिनियमची दातेरी चकती, म्हणजे हीटसिंक, दिसू लागली. मार्च १९९३ मध्ये पेंटियम आला, ट्रान्झिस्टर एकतीस लाख, ताप पंधरा-सोळा वॅट, आणि त्याच्या हीटसिंकवर एक इवलासा पंखा फिरू लागला. प्रोसेसरला स्वतःचा पंखा ही गोष्ट तेव्हा इतकी नवी होती की पेटी उघडून पाहुण्यांना दाखवली जाई.

१९९५ साली इंटेलने एटीएक्स हा मदरबोर्डाचा आणि कॅबिनेटचा नवा साचा ठरवला. मूळ कल्पना अशी होती की एसएमपीएसचा पंखा बाहेरची हवा आत ओढून थेट प्रोसेसरवर सोडील, म्हणजे वेगळ्या पंख्याचा खर्च वाचेल. पण ती हवा एसएमपीएसमधूनच तापून येई, आणि प्रोसेसर काही आपले अंग चोरायला तयार नव्हते. कल्पना बारगळली, पंखा पुन्हा बाहेर फुंकू लागला. साचा मात्र टिकला. तीस वर्षे झाली, आजचा मदरबोर्ड त्याच भोकांवर स्क्रूने बसतो. आपल्याकडे इतक्या वर्षांत रस्त्याचा साचासुद्धा टिकत नाही.

या पेट्या आपल्याकडे आल्या त्या दोन वाटांनी. एक ब्रँडेड, दुसरी ‘असेंबल्ड’. १९८४ च्या संगणक धोरणाने आयात सैल केली, १९९१ नंतर आणखी सैल झाली, १९९७ साली भारत माहिती तंत्रज्ञानाच्या जागतिक करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत या भागांवरचे आयात शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आले. मुंबईचा लॅमिंग्टन रोड (खरे नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण ते पत्त्यापुरतेच) हे या व्यवहाराचे पश्चिम भारतातले पीठ. जानेवारी १९९८ मध्ये कोकण रेल्वे सलग सुरू झाल्यावर गोव्यातले दुकानदार रात्री गाडीत बसून सकाळी ग्रँट रोडला उतरत आणि मांडीवर मदरबोर्डचे खोके घेऊन परत येत. म्हापसा, फोंडा, मडगावच्या दुकानांतून जे ‘असेंबल’ होऊन विकले जाई त्याचा बराचसा भाग असा मांडीवरून आलेला. खुद्द गोव्यातही काही बनत होतेच. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत डी-लिंक (इंडिया) चा कारखाना होता, तिथे नेटवर्क कार्डे बनत आणि मदरबोर्डही. पुढे मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना ‘सायबरएज’ योजनेतून अकरावीच्या मुलांना संगणक मिळाले आणि ज्या घरांत फ्रीज नव्हता त्या घरांतही प्लॅस्टिकच्या झाकणाखाली एक मॉनिटर दिसू लागला.

आता १९९९ ते २००४. ही पाच वर्षे म्हणजे नुसती शर्यत. इंटेल आणि एएमडी मेगाहर्ट्‌झच्या आकड्यावर भांडत होते आणि आपण गिऱ्हाईक दुकानात जाऊन तोच आकडा विचारत होतो. ६ मार्च २००० ला एएमडीने एक गिगाहर्ट्‌झचा ॲथलॉन जाहीर केला, दोन दिवसांनी इंटेलने तेवढाच पेंटियम थ्री. त्याच ऑगस्टमध्ये इंटेलला आपला १.१३ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर परत बोलवावा लागला, कारण तो त्या वेगाला भरवशाचा नव्हता. जून २००१ मध्ये १.४ गिगाहर्ट्‌झचा ॲथलॉन आला तो ७२ वॅटचा. त्याचा प्रत्यक्ष तापणारा सिलिकॉनचा तुकडा सुमारे १२० चौरस मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढा. आपल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंगची लोखंडी २५ वॅटची असते आणि ती हाताला लागली तर काय होते हे ठाऊक आहे. तशा तीन लोखंड्या एका नखावर टेकवल्या तर जे होईल ते या तुकड्यावर अखंड होत असते, आणि ते वाहून न्यायला वर एक हीटसिंक, एक पंखा आणि मध्ये पेस्टचा पातळ थर.

सप्टेंबर २००१ मध्ये जर्मनीतल्या टॉमस पाब्स्ट यांच्या ‘टॉम्स हार्डवेअर’ने एक चित्रफीत दाखवली. संगणक चालू, पडद्यावर खेळ सुरू, आणि हात घालून प्रोसेसरवरचा हीटसिंक उचलून काढला. पेंटियम फोर मंदावला, खेळ रखडत चालत राहिला. पेंटियम थ्री थबकला, पण वाचला. ॲथलॉन मात्र काही क्षणांत धूर सोडून गेला. उष्णता मोजून स्वतःचा वेग आवरण्याची सोय पेंटियम फोरमध्ये होती, त्या ॲथलॉनच्या पोटात नव्हती. ही फीत तेव्हा सीडीवरून हातोहात फिरली. मी ती पाहिली, पण उशिरा.

उशिरा म्हणजे किती, ते सांगतो. मी बी.ए. होऊन नोकरीची वाट पाहत होतो आणि घरी डीटीपीची कामे घेत होतो. लग्नपत्रिका, जत्रेतल्या नाटकांची हस्तपत्रके, एखादी स्मरणिका. त्यासाठी २००२ साली एक असेंबल्ड संगणक घेतला. पैसे आईच्या भिशीचे, तिची पाळी त्या महिन्यात लागली म्हणून. प्रोसेसर कोणत्या कंपनीचा ते सांगत नाही, कारण जे झाले त्यात तिचा दोष नव्हता. मे महिना, वरून कौले तापलेली, संगणक कण्हायला लागला. पेटी उघडली तर हीटसिंकच्या दातांत धुळीचा नमदा. मी तो हीटसिंक काढला, घासून लखलखीत केला, खाली चिकटलेले राखाडी काहीतरी होते तेही खरवडून टाकले, मळ समजून, आणि परत बसवला. तो कोणत्या बाजूने बसतो याला अर्थ असतो हे मला माहीत नव्हते. त्या काळच्या हीटसिंकला खालून एका बाजूला पायरी असे, ती सॉकेटच्या उंच कडेवर यावी लागे. उलटा बसवला तर तो कडेवर तरंगतो आणि सिलिकॉनला पुरता टेकतच नाही. क्लिप मात्र नीट लागते, वरून काही कळत नाही.

बटण दाबले. पडद्यावर दोन ओळी आल्या. मग भाजक्या बेकेलाइटसारखा एक वास, आणि पडदा काळा. सगळे मिळून चार-पाच सेकंद.

हार्ड डिस्क वाचली होती, त्यामुळे गावच्या मंडळाची अर्धी झालेली स्मरणिका दुसऱ्याच्या यंत्रावर पुरी करता आली. पण प्रोसेसर गेला, मदरबोर्डही नंतर दगा देऊ लागला, आणि भिशीचे पुढचे हप्ते आई भरतच राहिली. ती मला एकदाही काही बोलली नाही. मी खरवडून टाकलेले राखाडी काहीतरी म्हणजे उष्णता वाहून नेणारा थर होता, हे मला दुकानातल्या पोऱ्याने सांगितले. दोन धातू कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यामध्ये सूक्ष्म खळगे राहतात, खळग्यांत हवा, आणि हवा उष्णतेची शत्रू. पेस्टचे काम तेवढेच, हवेला हुसकावून लावणे. म्हणून ती डाळीच्या दाण्याएवढी पुरते; पोळीला तूप लावल्यासारखी लावायची नसते.

हे ऐकून लेक गप्प झाली. आजी कधी बोलली नाही हे, म्हणाली.

शर्यत पुढे कुठे गेली तेही सांगितले पाहिजे, कारण आज दुकानात जे मिळते ते त्या शेवटाचे फळ आहे. १९७४ साली आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते की ट्रान्झिस्टर जसजसा लहान करावा तसतसा त्याचा व्होल्टेज आणि विद्युतप्रवाहही त्याच प्रमाणात कमी करता येतो, म्हणून तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसवूनही ताप वाढत नाही. (हेच डेनार्ड डायनॅमिक रॅमचे जनक. यादीतल्या दोन ओळींवर एकाच माणसाचे ऋण.) तीस वर्षे उद्योग या नियमावर निर्धास्त होता. पण ट्रान्झिस्टर फार लहान झाले तेव्हा ते बंद असतानाही वीज झिरपू लागली, व्होल्टेज आणखी उतरवता येईना, आणि ताप चढू लागला. २००१ सालीच इंटेलच्या पॅट गेल्सिंगर यांनी एका परिषदेत आलेख मांडून बजावले होते की असेच चालले तर प्रोसेसरच्या एका चौरस सेंटिमीटरचा ताप अणुभट्टीशी, मग रॉकेटच्या तोंडाशी, आणि पुढे सूर्याच्या पृष्ठभागाशी बरोबरी करील.

फेब्रुवारी २००४ मध्ये खुद्द इंटेलचा ‘प्रेस्कॉट’ पेंटियम फोर आला. साडेबारा कोटी ट्रान्झिस्टर, आणि त्याचे वरचे प्रकार ११५ वॅटपर्यंत गेले. आधीच्या पेंटियम फोरपेक्षा काम फारसे जास्त नाही, ताप मात्र भरपूर. त्याच मे महिन्यात इंटेलने त्याचा वारस ‘तेजस’ रद्द केला. नाव आपल्या ओळखीचे, आणि रद्दही झाले ते तेजामुळेच. ऑक्टोबरमध्ये चार गिगाहर्ट्‌झचा पेंटियम फोरही सोडून दिला, आणि कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका सभेत व्यासपीठावर गुडघे टेकून, अर्धे थट्टेत का होईना, माफी मागितली. जगातल्या सर्वांत बलाढ्य चिप कंपनीला गुडघ्यावर आणले ते उष्णतेने, असे मी म्हणतो. बाजार, स्पर्धा ही कारणे आहेत, पण ती नंतरची.

मग वाट बदलली. इस्रायलमधल्या हैफाच्या चमूने लॅपटॉपसाठी कमी विजेचे प्रोसेसर बनवले होते, त्याच वळणाने जुलै २००६ मध्ये कोअर टू ड्युओ आला. वेग कमी, गाभे दोन, ताप ६५ वॅट. तेव्हापासून ६५ हा आकडा घरगुती संगणकाचा जणू मध्यम स्वर होऊन बसला आहे. आम्हीही त्याच वर्गातला सहा गाभ्यांचा प्रोसेसर निवडला. पण हा आकडा कागदावरचा आहे हे लेकीला बजावले. एएमडीचा ६५ वॅटचा प्रोसेसर जोरात असताना ८८ वॅट ओढतो. इंटेलच्या तेराव्या पिढीतले ६५ वॅटचा शिक्का असलेले काही प्रोसेसर क्षणभर २१९ वॅटपर्यंत जाऊ शकतात. पंखा शिक्क्यासाठी घ्यायचा नसतो, त्या क्षणासाठी घ्यायचा असतो. आणि २०२२ च्या एएमडी रायझन ७००० मालिकेपासून तर काही प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत चालण्यासाठीच घडवलेले आहेत, तेव्हा नुसता आकडा पाहून घाबरायचेही नाही.

इथे एक गोष्ट परदेशी परीक्षणे वाचताना नजरेतून सुटते. तिथल्या चाचण्या वीस-बावीस अंशांच्या खोलीत होतात. हवेवर चालणारा कोणताही हीटसिंक खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. तो फक्त ‘खोलीपेक्षा इतके अंश वर’ एवढेच वचन देतो. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी खोली तेहतीस-चौतीस असते. म्हणजे तिकडच्या प्रत्येक आकड्यात दहा-बारा मिळवायचे आणि मग खरेदी करायची. शिवाय मदरबोर्डावरच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ढोबळ नियम असा की तापमान दहा अंश वाढले की आयुष्य निम्मे. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष कपॅसिटर फुगून फुटण्याची साथच आली होती. डोक्यावर फुगलेल्या त्या टोप्या त्या काळी ज्याने पेटी उघडली त्याने पाहिल्या असतील.

हवा खेळवायची कशी हे मात्र आपल्याला कोणी शिकवायला नको होते. जुन्या गोमंतकी घरात मधोमध राजांगण, वर उघडे आभाळ. चारी बाजूंच्या खोल्यांतली तापलेली हवा तिथून वर निघून जाते आणि पुढच्या दारातून गार हवा आत येते. येण्याची वाट खालून, जाण्याची वरून, आणि मध्ये अडथळा नाही. कॅबिनेटचे शास्त्र याहून वेगळे नाही. आम्ही पुढे जाळी असलेले कॅबिनेट घेतले. काचेच्या दर्शनी भागाचे सुंदर दिसत होते, लेकीचा जीव त्यात अडकला होता, पण दार भिंतीने बुजवलेल्या घरात राहायला कोणी जात नाही. पुढे दोन पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर फेकणारा. आत येणारी हवा जाणाऱ्यापेक्षा जास्त ठेवली की ती फटींतून बाहेर दाबली जाते, आणि धूळ फटींतून आत न शिरता जाळीवरच अडते. मुंगी आणि पाल यांचा प्रश्न राजांगणात जसा होता तसाच राहतो. एसएमपीएसमध्ये पाल जाऊन चिकटणे आणि पेटी बंद पडणे हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार, तेव्हा न वापरलेल्या खाचांच्या मागच्या पट्ट्या काढून टाकू नयेत.

पाण्याने गार करणारे संच लेकीला हवे होते, त्यांत दिवे लागतात म्हणून. मी म्हटले, पहिल्या पेटीला नको. पंखा बिघडला तर म्हापशात पंखा मिळतो, पंप बिघडला तर सगळा संच बदलावा लागतो. आणि तसे पाहिले तर आपल्या साध्या हीटसिंकमध्येही पाणी असतेच. त्यातल्या तांब्याच्या नळ्या म्हणजे हीटपाइप. १९६३ साली अमेरिकेत लॉस अलामोसला जॉर्ज ग्रोव्हर यांनी अंतराळयानांच्या विचाराने हे तंत्र घडवले. हवा काढून घेतलेली बंद नळी, तिच्यात थोडेसे पाणी. तापलेल्या टोकाला पाण्याची वाफ होते, गार टोकाला जाऊन ती निवते, आणि आतल्या वातीसारख्या अस्तरातून पाणी परत येते. पंप नाही, आवाज नाही. मोदक वाफवताना झाकणाला धरलेले पाणी पुन्हा खाली ठिबकते तेच, फक्त अखंड. अशा चार नळ्यांचा, १२० मिलिमीटरच्या पंख्याचा हीटसिंक घेतला. त्याला वाचवलेले पैसे चांगल्या एसएमपीएसमध्ये घातले, कारण पेटीतला सगळ्यांत दुर्लक्षित आणि मेला तर इतरांना घेऊन मरणारा भाग तो. ग्राफिक्स कार्डपुढचे प्रश्नचिन्ह तसेच ठेवले. प्रोसेसरच्या पोटातले ग्राफिक्स तूर्त पुरते, आणि २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव असे भडकले होते की यादीतली एक ओळ तरी खोडणे भाग होते.

पावसाळ्याचे वेगळे. आमचा गाव खाडीकाठचा, हवेत मीठ. चालू संगणक आतून कोमट असतो म्हणून त्यात ओल धरत नाही. बंद पडून राहिलेल्यात धरते. आषाढात पंधरा दिवस न लावलेला संगणक लावला की नुसते बीप करतो, आणि मग रॅम काढून तिच्या सोनेरी दातांवर शाळेचे खोडरबर फिरवायचे, हा उपाय लॅमिंग्टन रोडपासून काणकोणपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. लेकीला तो शाळेतच कळला होता. निदान हे तरी मी सांगावे लागले नाही.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर जोडणी केली. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी तिने बसवले. पेस्ट लावायची वेळ आली तेव्हा माझा हात पुढे झाला आणि मी तो मागे घेतला. तिने मधोमध एक ठिपका ठेवला, हीटसिंक सरळ वरून टेकवला, आणि चारी स्क्रू आलटून पालटून, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले. मी विचारले, उलटा तर नाही ना? ती म्हणाली, बाबा, आता उलटा बसतच नाही, चारी बाजू सारख्याच आहेत. खरे होते. तरी मी बॅटरी घेऊन कडेने पाहिले.

खोलीत एकतीस अंश, बायोसच्या पडद्यावर प्रोसेसर एकेचाळीस. तासभर व्हिडिओचे काम देऊन पाहिले तर चौऱ्याहत्तरला थांबला. पंख्यांचा आवाज छताच्या पंख्याखाली ऐकूही येत नव्हता. पुढच्या जाळीची गाळणी कधी धुवायची ते तिने कॅलेंडरवर लिहून टाकले आहे. वर्षातून दोनदा, एकदा शिमग्यानंतर, एकदा चवथीच्या आधी घर झाडतो तेव्हा.